टोपलीचा बांबू कुठला?

आम्ही जुईनगरच्या बचत गटातल्या बायका. सणासुदीला गावाकडच्या गटांकडून टोपल्या, परड्या, सुपं आणतो आणि इथे विकतो. "बांबूची वस्तू घ्यायची म्हणजे जंगलच तोडायचं की!" असं एखादं गिऱ्हाईक म्हणतं. आज त्याबद्दलच बोलू.

बांबू हे झाड नाही, गवत आहे. एकेक काठी पहिल्याच पावसाळ्यात पूर्ण उंच होते, पण पक्की व्हायला तीनेक वर्षं घेते. जून काठी काढली तर बेट जगतं, नवे कोंब येतात. कोवळी तोडली, किंवा ऐन पावसात कोंब फुटताना तोडणी केली, की बेट खंगतं. कोवळ्या काठीला कीडही लवकर लागते. नव्या सुपातून पिठासारखी भुकटी गळते ना, ती त्या किडीचीच.

म्हणून तोडणी कुणाच्या हातात आहे, हे आधी बघायचं. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. किती तोडायचा, किती राखायचा, ते आता गाव बसून ठरवतं. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच बेटाकडे जायचंय, तो ते ओरबाडत नाही.

मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्रात कोरकू कारागीर बांबूच्या राख्या करतात. राखीला बांबू लागतो बोटभर, दाम मिळतं हातच्या कसबाचं. आम्हाला हे फार पटतं. दक्षिण अमेरिकेच्या पर्जन्यवनांतही असंच आहे. तिथे तागुआ नावाच्या ताडाच्या हस्तिदंतासारख्या कडक बियांची बटणं आणि दागिने करतात. बी वेचायची असते, त्यामुळे झाड उभं राहण्यातच फायदा.

आता आमच्या गटातली गोष्ट. भाद्रपदात एका कार्यालयाने दिवाळीसाठी पाचशे टोपल्या मागितल्या, महिन्याभरात हव्या म्हणून. आमच्या पुरवठादार ताईंकडे जून बांबूचा साठा दीडशे टोपल्यांपुरताच होता. बाकीच्यांसाठी भर पावसात मिळेल ती काठी तोडावी लागली असती. आम्ही दीडशेच दिल्या. "दारात आलेली लक्ष्मी परत पाठवली," म्हणून बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. कुणाच्या पोरीची फी त्यावर होती, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. दोघी अजून नाराज आहेत.

त्यानंतर एक केलं. संक्रांतीच्या वाणाच्या परड्यांची नोंदणी दसऱ्यालाच सुरू केली, थोडी आगाऊ रक्कम घेऊन. पावसाळा सरल्यावर तोडणी सुरू होते, तेव्हा किती काठ्या लागतील ते ताईंना आधीच कळलेलं असतं. तुमच्याही गटाकडे मागणी आली, तर होकार देण्याआधी बांबू किती वर्षांचा आणि कधी तोडलेला, एवढं विचारून घ्या.