अँडी राऊस : वर्गवारीतून वाढलेली कारकीर्द

मोटारींच्या शर्यतीत जो सर्वांच्या आधी शेवटची रेषा ओलांडतो तो जिंकला, अशी आपली साधी समजूत असते आणि एका शर्यतीपुरती ती खरीही असते. परंतु ब्रिटनमध्ये 1958 साली सुरू झालेल्या आणि 1987 पासून ‘ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप’ या नावाने चालणाऱ्या अजिंक्यपद स्पर्धेत वर्षाखेरीस विजेता ठरवण्याचा न्याय कित्येक दशके निराळाच होता. इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे मोटारींची काही वर्गांत वाटणी होई, बहुधा सारे वर्ग एकाच वेळी एकाच मार्गावर धावत, आणि गुण मात्र ज्याला त्याला आपापल्या वर्गातील क्रमांकावरून मिळत. त्यामुळे एकंदरीत बराच मागे राहिलेला पण आपल्या वर्गात पहिला आलेला लहान मोटारीचा चालक आणि सर्वांच्या पुढे निघून गेलेला बलाढ्य मोटारीचा चालक हे दोघेही जमाखर्चाच्या वहीत तुल्यबळ ठरत. हा कायदा ज्याने एकदा पुरेपूर उपभोगला, पुढे अनेकदा निमूटपणे सोसला आणि अखेर मोडीत काढण्यास हातभार लावला, असा चालक म्हणजे अँडी राऊस होय.

राऊसचा जन्म 1947 साली ग्लॉस्टरशरमधील डिमॉक या खेड्यात झाला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर रॉबर्ट फ्रॉस्ट प्रभृती कवी त्या परिसरात येऊन राहिले होते, आणि इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना ते गाव माहीत असते ते त्यांच्यामुळे. राऊसला मात्र काव्यापेक्षा यंत्राचा छंद. राल्फ ब्रॉड या विक्षिप्त आणि कल्पक यंत्रज्ञाच्या ‘ब्रॉडस्पीड’ कारखान्यात तो अभियंता म्हणून रुजू झाला, आणि आठवडाभर जी मोटार आपण जुळवली तीच शर्यतीत आपण चालवायची असा त्याच्या आयुष्याचा जो क्रम तेथे पडला, तो चालकाचे हातमोजे उतरवेपर्यंत सुटला नाही. चालक पुष्कळ असतात आणि अभियंतेही पुष्कळ असतात; परंतु मोटार कोठे दुखते हे हाताला कळल्यावर ते दुखणे सोमवारी सकाळी स्वतःच उघडून पाहणारा माणूस क्वचित आढळतो.

1975 साली ब्रॉडस्पीडने सिद्ध केलेल्या ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंट या मोटारीवर त्याने पहिले अजिंक्यपद मिळवले. दोन लिटरच्या त्या इंजिनात सोळा झडपा होत्या, आणि त्या काळी सर्वसामान्यांच्या मोटारीत ही गोष्ट अपूर्वाईची होती. तथापि त्या वर्षी शर्यतींत आघाडीवर दिसे ती स्टुअर्ट ग्रॅहमची अवाढव्य अमेरिकन शेव्हरोले कॅमारो. राऊस तिच्या पाठीमागे राहून आपल्या वर्गात पहिला येत राहिला आणि वर्षाखेरीस मुकुट त्याच्या शिरावर आला. त्यानंतर लेलँड कंपनीच्या हुकमावरून ब्रॉडस्पीडने जग्वार एक्सजे बारा या आलिशान वाहनाला युरोपच्या रिंगणात उतरवले; ते पात्रता फेरीत सर्वांहून वेगवान असे आणि प्रत्यक्ष शर्यतीत मोडून पडे. 1977 साली नुर्बुर्गरिंगवर डेरेक बेल आणि राऊस यांनी मिळवलेला दुसरा क्रमांक हेच त्या खर्चिक मोहिमेचे सर्वांत मोठे संचित. वर्ष सरताच लेलँडने ती गुंडाळली.

1981 च्या सुमारास कोव्हेंट्री येथे त्याने स्वतःचा कारखाना थाटला, आणि येथून पुढचा काळ अधिक रसाळ आहे. 1983 च्या मोसमात स्टीव्ह सोपर याने टॉम वॉकिनशॉ यांच्या संघाच्या रोव्हर व्हिटेसवर अजिंक्यपद जिंकले असे सर्वांनी धरून चालले होते. पण त्या रोव्हर मोटारींच्या बाह्यांगाविषयी आणि इंजिनाच्या अंतर्भागाविषयी प्रतिस्पर्ध्यांनी फिर्याद गुदरली. कैफियती, हरकती, तपासण्या आणि अपिले यांचे दप्तर इतके फुगले की निवाडा लागेपर्यंत पुढचा मोसम उजाडला होता. रोव्हर मोटारींचे गुण रद्द झाले, आणि खालच्या वर्गात अल्फा रोमिओ जीटीव्ही सहा ही मोटार चालवणारा राऊस दप्तरदाखल विजेता ठरला. मैदानात न मिळता कचेरीत मिळालेल्या अशा विजयाला कोणी हलका लेखील, आणि तसे लेखणाऱ्याशी मी हुज्जत घालणार नाही. परंतु त्यानंतर राऊसने जे केले त्यातील मिस्किलपणा मला मोठा गोड वाटतो. ज्या मोटारीवरून एवढे रणकंदन झाले तीच रोव्हर व्हिटेस त्याने आपल्या कारखान्यात सज्ज केली, रोव्हर कंपनीने रागारागाने स्पर्धेतून अंग काढून घेतले तरी ती स्वतंत्रपणे चालवली, आणि 1984 चे अजिंक्यपद कोणाही वकिलाच्या साह्यावाचून मिळवले. 1985 साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोर्ड सिएरा एक्सआर फोर टीआय या टर्बो मोटारीवर त्याने चौथे अजिंक्यपद जिंकले. ही मोटार या स्पर्धेत आणण्याचे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. नियमावलीत ती बसते हे हेरण्याचे श्रेय मात्र त्याचेच.

आणि तेथेच त्याची अजिंक्यपदे संपली, जरी त्याच्या सर्वांत देदीप्यमान शर्यती अजून व्हावयाच्या होत्या. 1987 साली फोर्डने सिएरा आरएस पाचशे ही मोटार काढली. नियमांची पूर्तता होण्यापुरत्या पाचशेच बांधल्या, म्हणून ते नाव. रस्त्यावर 224 अश्वशक्तीची ही मोटार शर्यतीसाठी तयार झाली की पाचशेच्या पुढे जाई, आणि ती सारी शक्ती मागच्या दोन अरुंद टायरांवर एकदम कोसळे. वळणातून बाहेर पडताना पाय किंचित अधीर झाला की मागची चाके जागच्या जागी घुमत आणि चार-दोन फेऱ्यांत टायर झिजून जात. म्हणून या मोटारीवर जिंकणारा तो नव्हे ज्याचे पाऊल जड, तर तो ज्याचे पाऊल हलके आणि सबुरीचे. राऊसची चाल मुळातच संथ, गुळगुळीत, खर्डेघाशी करणाऱ्या जुन्या कारकुनाच्या हातासारखी काटकसरी. ती या राक्षसी यंत्राला विलक्षण मानवली. ‘कॅलिबर’ या मद्यार्कविरहित बिअरचे नाव अंगावर मिरवणाऱ्या मोटारीने त्याने शर्यतींमागून शर्यती जिंकल्या, 1988 साली सिल्व्हरस्टोनवरील प्रतिष्ठेची टूरिस्ट ट्रॉफी आलँ फेर्ते याच्या जोडीने पटकावली. आणि अजिंक्यपदे मात्र 1987 साली ख्रिस हॉजेट्सची टोयोटा करोला, 1988 साली फ्रँक सिट्नरची बीएमडब्ल्यू आणि 1989 साली जॉन क्लेलंडची व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा घेऊन गेली. क्लेलंडने तर त्या वर्षी एकंदरीत एकही शर्यत जिंकली नव्हती. 1975 साली जी तरतूद राऊसच्या पदरी पडली तीच आता त्याच्या आड आली होती, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार त्याला फारसा नव्हता. 1990 साली रॉब ग्रेव्हेटने तशाच सिएरावर त्याला सरळ समोरासमोर हरवले, ती गोष्ट वेगळी.

तक्रारीऐवजी त्याने मसुदा केला. वर्गांची वाटणी काढून टाकावी, टर्बो बंद करावे, दोन लिटरांचे इंजिन आणि मिनिटाला 8500 फेऱ्यांची मर्यादा घालून सर्वांना एका पायरीवर उभे करावे, या योजनेचा राऊस हा प्रमुख पुरस्कर्ता होता. 1991 पासून ती अंमलात आली. स्पर्धेचा कारभार पाहण्यासाठी अ‍ॅलन गाऊ, डेव्हिड रिचर्ड्स आणि डेव्ह कुक यांच्यासह त्याने ‘टोका’ ही संस्था उभारली. खेळाडूनेच पंचाच्या खुर्चीचा पाया घालावा हे आपल्या मनाला खटकते. परंतु स्वतःच्याच कायद्याखाली राऊसला पुन्हा अजिंक्यपद लाभले नाही, एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्या खटकण्याची धार जरा बोथट होते. टोयोटा करीना चालवून झाल्यावर त्याने 1993 साली फोर्ड माँडेओ उभी केली, तिच्यात माझदाच्या कुळातील सहा सिलिंडरांचे इंजिन बसवून आपली नियम वाचण्याची जुनी हातोटी दाखवली, आणि न्यूझीलंडच्या पॉल रॅडिसिशने त्याच मोटारीवर मॉन्झा येथे जागतिक पातळीवरील टूरिंग कार शर्यत जिंकली. 1994 च्या अखेरीस राऊसने स्वतः चाक सोडले.

दोन लिटरांची ती योजना युरोप, जपान आणि ऑस्ट्रेलिया येथवर गेली, आणि कंपन्यांच्या चढाओढीने तिचा खर्च इतका वाढला की 2000 साली ब्रिटनमध्ये फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल एवढेच कारखाने उरले व ती आटोपती घ्यावी लागली. राऊसच्या नावावर एकूण साठ विजय; तो उच्चांक जेसन प्लेटोने 2011 साली मोडला. प्लेटोची थोरवी कमी न करता एवढे नमूद केले पाहिजे की त्याच्या काळात एका दिवशी तीन शर्यती होत आणि वर्षाला तीस, तर राऊसच्या भरभराटीच्या वर्षांत साऱ्या मोसमात मिळून जेमतेम डझनभर शर्यती होत असत.