चाळीस फूट जाळी

इथल्या आपल्या मुलांना नववीच्या आसपास वर्गसमीकरणं भेटतात आणि त्यांच्याबरोबर एक मंत्रही मिळतो: ‘मायनस बी अपॉन टू ए’. महत्तम किंमत विचारली की मंत्र म्हणायचा, उत्तर हजर! भारतात मी शाळेत शिकवत होते तेव्हाही हाच मंत्र कानावर यायचा. पण ‘असं का?’ असं विचारलं की सगळा वर्ग गप्प.

हे ‘का’ घरी, मराठीतून सांगता येतं.

समजा, मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीचा आयताकृती वाफा करायचा आहे. सशांपासून राखायला ४० फूट जाळी आहे. एका बाजूला घराची भिंत, म्हणून जाळी तीनच बाजूंना लागेल. वाफा भिंतीपासून किती फूट पुढे आणला तर जास्तीत जास्त जागा मिळेल?

ते अंतर क्ष धरू. दोन बाजूंना २क्ष फूट जाळी गेली, समोरच्या बाजूला ४० − २क्ष उरली. क्षेत्रफळ झालं ४०क्ष − २क्ष². आधी मुलांना आकडे घालून पाहू द्या. ८ फुटांना १९२ चौरस फूट, १० ला २००, १२ ला पुन्हा १९२. चढ आणि उतार सारखेच आहेत, हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

आता हीच राशी अशी लिहू: २०० − २(क्ष − १०)². कंस सोडवून ताळा करा. वर्ग कधीच ऋण नसतो. म्हणजे २०० मधून काही वजा होईल किंवा काहीच होणार नाही. काहीच वजा होत नाही ते फक्त क्ष = १० असताना. वाफा १० बाय २० फूट, चौरस नव्हे!

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात वर्गसमीकरणाच्या रीतीला ‘मध्यमाहरण’ म्हटलं आहे, म्हणजे मधलं पद घालवणं. वर नेमकं तेच केलं: पूर्ण वर्ग झाला आणि ४०क्ष गेलं. रीत नावातच सांगितली आहे.

आता भिंत १२ फुटांचीच आहे आणि वाफा तिच्यापुढे जायला नको, असं म्हणा. मंत्र अजूनही १० च सांगेल. पण मग समोरची बाजू २० फूट होते. ती १२ च्या आत ठेवायची तर क्ष किमान १४ हवा. १० च्या जितकं जवळ तितकं कमी वजा, म्हणून १४ च घ्यायचा. क्षेत्रफळ १६८. ज्याला ‘का’ कळलंय तो इथे अडत नाही.

आपल्या मुलांची मराठी सणावारापुरती आणि आजीशी बोलण्यापुरती उरू नये, असं आपल्याला वाटतं ना? मग तिच्यात थोडं गणितही होऊ द्या. यंदा दिवाळीच्या फोनवर नातवंडांनी आजोबांना विचारावं: वाफा अंगणाच्या कोपऱ्यात, दोन भिंतींना लागून केला, तर त्याच ४० फुटांत किती जागा मिळेल?