नाताळचं वाळवण

कर्जत-खालापूरच्या अंगणांत वाळवण पडतं ते एप्रिल-मेमध्ये. पापड, कुरडया, मिरच्या, आमसुलं, सगळं पावसाच्या आत उरकायचं असतं. डिसेंबरात अंगण मोकळं असतं. भात झोडून झालेलं, पेंढ्याची उडवी रचलेली. फळांच्या चकत्या वाळवून नाताळची सजावट करायची असेल तर हाच महिना योग्य आहे. ऊन मवाळ असतं, दुपारची हवा कोरडी असते आणि पावसाची धास्ती जवळजवळ नसते. फळाचा रंग राखून त्यातलं पाणी काढायला कडक उन्हापेक्षा कोरडी, वाहती हवा अधिक कामाची. पुढचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

फळांनी नाताळ सजवण्याची रीत प्लॅस्टिकच्या चेंडूंहून फार जुनी आहे. मध्ययुगात जर्मन मुलखात 24 डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस मानत. त्या दिवशीच्या धार्मिक नाटकात सूचिपर्णी झाडाला सफरचंदं टांगून ते नंदनवनातलं झाड म्हणून उभं करत. पुढे झाड घरात आलं. 1605 सालच्या स्ट्रासबुर्गमधल्या एका नोंदीत दिवाणखान्यात उभ्या केलेल्या झाडांना कागदी गुलाब, सफरचंदं आणि साखरेचे जिन्नस लावल्याचं वर्णन आहे. काचेचे चमकदार गोळे आले ते बरेच नंतर. आपल्याकडेही फळं टांगून देवाची जागा सजवणं अनोळखी नाही. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात, सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. तिच्यात सुपारीची शिपटी, नारळ, कवंडळं आणि रानातली कितीतरी फळं लटकतात. कोकणात दसऱ्याला दाराला भाताच्या लोंब्यांचं नवं बांधतात. म्हणून वाळलेल्या मोसंबीची माळ नाताळच्या ताऱ्याखाली लोंबताना पाहिली की मला ती परकी वाटत नाही.

मी मोसंबी म्हणतो, संत्रं नाही. परदेशी चित्रांत दिसतात त्या चकत्या घट्ट सालीच्या संत्र्यांच्या असतात. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं. ते आडवं कापलं की साल एकीकडे आणि फोडी दुसरीकडे होतात, आणि वाळताना मधला भाग आक्रसून सालीच्या कड्यातून गळून पडतो. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते, म्हणून चकती अखंड राहते. जालना-संभाजीनगरकडची मोसंबी मुंबईच्या बाजारातून कर्जतपर्यंत सहज पोचते. मध्यम आकाराची, हाताला जड लागणारी, दाबली तर न दबणारी निवडा. फार पिकलेली नको. तिचा गर कापतानाच फुटतो. संत्र्याचा उपयोग सालीपुरता करावा. साल अखंड सोलून ओली असतानाच तिच्यातून लहान तारे कापावेत आणि कागदात घालून वजनाखाली वाळवावेत. सालीतल्या तेलाच्या पिशव्यांमुळे वास बरेच दिवस राहतो.

लिंबाच्या चकत्या लहान आणि नाजूक होतात. माळेत अधूनमधून शोभतात. सफरचंद मात्र जरूर घ्या. देठ वर धरून ते आडवं कापलं की मधोमध बियांच्या घरांचा पाच टोकांचा तारा दिसतो, आणि बेथलेहेमच्या ताऱ्याच्या सणाला ही आकृती फारच साजते. सफरचंद कापताच काळवंडू लागतं, कारण गरातली द्रव्यं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात. लिंबाचा रस पिळलेल्या पाण्यात चकत्या दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवल्या की आम्लामुळे ही क्रिया मंदावते आणि रंग फिकट पिवळा राहतो.

कापताना जाडी पाच-सहा मिलिमीटर ठेवावी. याहून पातळ चकती वाळल्यावर फाटते, जाड चकती आतून ओली राहून बुरशी धरते. विळीवर सारखी जाडी राखणं कठीण जातं. धारदार सुरी बरी. सारखेपणाला महत्त्व आहे, कारण एकाच ताटातल्या चकत्या एकाच वेळी वाळल्या पाहिजेत. बिया सुईच्या टोकाने काढाव्यात आणि चकत्या सुती पंच्यात ठेवून हलक्या हाताने टिपाव्यात. दाबून रस काढू नये. गराच्या पारदर्शक पाकळ्याच पुढे प्रकाशात झळकणार असतात.

मोसंबीत शंभरातले सुमारे सत्याऐंशी भाग पाणी असतं. किलोभर चकत्यांतून साधारण साडेआठशे ग्रॅम पाणी बाहेर जायचं असतं, आणि ते आतून पृष्ठभागाकडे सरकत सरकतच जातं. एकदम जास्त उष्णता दिली तर वरचा थर आधी कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं. वरून खडखडीत वाटणारी अशी चकती चार दिवसांनी चिकट होते. शिवाय जास्त उष्णतेने गरातली साखर तपकिरी पडते आणि मूळ पिवळसर रंग काळपट विटकरी होतो. भट्टी असेल तर 90 ते 100 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, चार-पाच तासांची तयारी ठेवावी, दर तासाला चकत्या उलटाव्यात आणि वाफ बाहेर जाण्यासाठी दार अधूनमधून किलकिलं करावं.

पण भट्टी नसली तरी काही अडत नाही. चकत्या वाळवायला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं ताट घेऊ नका. फळातल्या आम्लाने धातूवर डाग पडतात आणि लोखंडावर चकतीच काळी होते. बांबूची विरळ विणीची टोपली किंवा लाकडी चौकटीवर ताणलेली नायलॉनची जाळी चांगली, कारण तिला खालूनही हवा लागते. वरून जुन्या मलमलीचा तुकडा ताणून बांधा, माश्या बसणार नाहीत. चौकट स्टुलावर ठेवून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. रसाचा वास त्यांना फार लांबून येतो.

उन्हाची दिशा बघणं फार महत्त्वाचं आहे. मेमध्ये भर दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो भर मध्यान्हीलाही दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपास असतो. सपाट ठेवलेल्या चौकटीवर ऊन तिरकं पडतं. उत्तरेकडच्या कडेखाली एक-दोन विटा ठेवून चौकट दक्षिणेकडे उतरती केली की तेच ऊन जास्त लागू पडतं. गावागावाचा फरकही असतो. खोपोलीसारख्या बोरघाटाच्या पायथ्याच्या ठिकाणी पूर्वेला डोंगर उभा असल्याने सकाळचं ऊन उशिरा उतरतं. नेरळच्या बाजूला माथेरान पश्चिमेला, म्हणून तिथे संध्याकाळचं ऊन लवकर जातं. आपल्या अंगणात ऊन कधी येतं आणि कधी जातं ते एक दिवस नीट बघून घ्या, मगच जागा ठरवा.

चार-साडेचार वाजता चौकट घरात आणायचीच. उल्हास नदीच्या खोऱ्यात डिसेंबरच्या पहाटे दव पडतं, कधी धुकंही धरतं. रात्रभर बाहेर राहिलेली चकती दिवसभरात गमावलेलं पाणी परत पिते. साखरेला ओलावा खेचून घ्यायची सवयच असते. रात्री चौकट पंख्याखाली ठेवली तर काम पुढे सरकतं. मोसंबीला असे चार-पाच दिवस लागतात, सफरचंदाला थोडे कमी. म्हणून 10 डिसेंबरच्या सुमाराला सुरुवात करावी, म्हणजे एखादा दिवस ढगाळ निघाला तरी वेळ राहतो.

दोरा ओवायची भोकं दुसऱ्या दिवशी पाडावीत, चकती अर्धवट वाळलेली आणि चिवट असताना. ओल्या चकतीत भोक मोठं होतं, पूर्ण वाळलेली तडकते. दाभणाने सालीच्या आतल्या पांढऱ्या कडेजवळ टोचावं. एकच भोक पाडलं तर चकती गिरक्या घेत राहते. समोरासमोर दोन भोकं पाडून दोरा मागच्या बाजूने नेला की तोंड सरळ समोर राहतं.

वाळली की नाही हे बघायला मध्यभागी बोट दाबावं. थोडंही मऊ किंवा चिकट लागलं तर आणखी ऊन द्यावं. सगळ्या चकत्या वाळल्याशा वाटल्या की त्या काचेच्या बरणीत दोन-तीन दिवस झाकण लावून ठेवाव्यात आणि रोज हलवाव्यात. आतून काचेवर दमटपणा दिसला तर त्या पुन्हा उन्हात जायला हव्यात. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ऐन नाताळात पांढरी बुरशी दिसते ती यामुळेच.

लवंगा टोचलेलं अख्खं संत्रं युरोपात नाताळला ठेवतात. लवंगेतलं तेल बुरशीला काही प्रमाणात रोखतं हे खरं, पण अख्खं फळ सुकायला कित्येक आठवडे लागतात. कोकणच्या हवेत ते बहुधा आतून सडतं, म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. लवंगा चकतीच्या मध्यावर दोन-चार लावाव्यात, वास तेवढाच येतो.

आता माळेतले इतर मणी. इथे कर्जतला फार मोठं भांडार आहे आणि ते विकत घ्यावं लागत नाही. मुरुडशेंग बाळघुटीमुळे सगळ्यांना माहीत. तिचा तपकिरी पीळ मोसंबीच्या दोन चकत्यांमध्ये इतका शोभतो की घडवलेला मणी फिका पडावा. सागाची फळं या दिवसांत फिकट तपकिरी, कागदासारख्या फुगीर पिशव्यांत बसलेली असतात. दहा-बारा एकत्र बांधली तर छोट्या कंदिलांचा घोस तयार होतो. शिरीषाच्या वाळक्या शेंगा पिवळसर आणि खुळखुळणाऱ्या. टेटूची शेंग तलवारीएवढी, पण खरी गंमत आत: पातळ पारदर्शक पंखांच्या बिया, ज्या उजेडासमोर धरल्या की शिरा दिसतात. लाल रंग हवा तर सुक्या मिरच्या आहेत आणि अंबाडीची बोंडं आहेत.

आणि कुंपणावर वाळून गेलेलं घोसाळं. भाजीसाठी निबर झालं म्हणून ते वेलावरच राहून गेलेलं असतं. ते पाण्यात भिजवून वरची साल काढा, बिया झटकून टाका, वाळवा आणि मग आडवं कापा. प्रत्येक चकतीत तीन मोठी भोकं आणि भोवती तंतूंची विणलेली जाळी. लेस विकत आणून यापेक्षा चांगली आकृती मिळणार नाही.

गोळा करताना फक्त खाली पडलेलं उचलावं. माथेरान आणि भोवतालचा परिसर 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांचा काही भाग येतो. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीतून तर काहीच आणू नये. आपल्या बांधावर, रस्त्याकडेला, शेजाऱ्याच्या परसात पुरेसं मिळतं. शेंगा घरी आणल्यावर एक दिवस भर उन्हात घालाव्यात, म्हणजे आतले किडे निघून जातात. गुंजा मात्र टाळा. लालभडक आणि देखण्या असल्या तरी त्यांच्या आत तीव्र विष असतं. भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज जिवावर बेतू शकते. ज्या घरात मूल रांगतंय तिथे ती माळेत नकोच. कण्हेर आणि धोतऱ्याची फळंही तशीच वर्ज्य.

ओवायला काथ्याची बारीक दोरी किंवा अंबाडीचा वाख घ्यावा. नायलॉनच्या दोऱ्यावर चकत्या घसरतात. जड वस्तू मध्ये आणि हलक्या कडेला ठेवल्या की माळेला चांगला झोक येतो. चकाकी, सोनेरी रंग, वॉर्निश यांतलं काहीही लावू नये. वॉर्निश लावलेली चकती मातीत टाकण्याजोगी राहत नाही.

झाड म्हणून सुरूची छाटलेली फांदी चालते. मुंबईत कितीतरी ख्रिस्ती घरांत नाताळला सुरूच उभा राहतो. नाहीतर पानं गळालेली एखादी वाळकी फांदी मातीच्या कुंडीत रोवावी. चकत्यांच्या मागे पिवळसर एलईडीची माळ सोडली की गराची प्रत्येक पाकळी उजळते. मेणबत्ती आणि पणती मात्र हातभर लांब. वाळलेलं फळ आणि काथ्या झटकन पेट घेतात. सजावट घरातच ठेवावी. ओसरीवर टांगली तर माकडं आणि खारी एका सकाळीत फस्त करतात.

येशूजन्माचा गोठा मांडणार असाल तर भाताचा पेंढा शेजारी मिळेलच. गोव्यात आणि मुंबईत ख्रिस्ती घरांतून गोठ्यातल्या हिरवळीसाठी वाटीत नाचणी पेरतात. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पेरली की ती बोटभर उंच, दाट आणि कोवळी येते. कर्जतच्या ठाकूरवाड्यांच्या वरकस जमिनीवर नाचणी पिकतेच, तेव्हा बी शोधायला लांब जायला नको.

6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की माळा उतरवाव्यात. फळांच्या चकत्या पुढच्या वर्षासाठी राखायचा मोह आवरावा. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैच्या दमट हवेत साखर असलेली कुठलीही गोष्ट मऊ पडून किडते. चकत्या खतात टाकाव्यात, नाचणी कोंबड्यांना घालावी. मुरुडशेंगा, साग आणि घोसाळ्याच्या जाळ्या मात्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तळाशी वाळलेली कडुनिंबाची पानं घालून ठेवल्या तर दोन-तीन वर्षं टिकतात. दर वर्षी फक्त दोरा नवा आणि मोसंबी ताजी घ्यावी लागते.