तेलाच्या विहिरीपासून जन्मठेपेपर्यंत: झोऊ योंगकांगची गोष्ट

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी खास.

चीनमध्ये इंजिनिअर लोक राजकारणात फार वर जातात, हे मला एकेकाळी लई भारी वाटायचं. मग मी झोऊ योंगकांगबद्दल वाचलं.

जन्म 1942, जिआंग्सू प्रांतातला. बीजिंगच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमधून 1966 ला पास आउट. पहिलं पोस्टिंग दाचिंग तेलक्षेत्रात, म्हणजे ईशान्येकडच्या कडाक्याच्या थंडीत. तिथून लिआओहे तेलक्षेत्र. तिथे तो जवळच्या पानजिन शहराचा महापौरही झाला. आता गंमत बघा, शहर उभंच तेलावर. नोकऱ्या तेलाच्या आणि महापौरही तेलवालाच. चीनची सरकारी तेल कंपनी म्हणजे आपल्याकडच्यासारखी फक्त पीएसयू नव्हे. तिचे बडे अधिकारी पक्षाच्याच साखळीत असतात. आज कंपनीचे साहेब, उद्या मंत्री.

झोऊचं तसंच झालं. 1996 मध्ये तो सीएनपीसी या अवाढव्य तेल कंपनीचा प्रमुख झाला. सुदान, कझाकस्तानात चिनी तेल कंपनीने पाय रोवले ते याच काळात. 1998 ला मंत्री, 1999 ला सिचुआन प्रांताचा पक्षप्रमुख, 2002 ला पोलीस खात्याचा मंत्री. आणि 2007 ला थेट पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीत. तेव्हा ही समिती नऊ जणांची होती, देश तेच चालवायचे. झोऊकडे पोलीस, न्यायालयं, अंतर्गत सुरक्षा. 2011 च्या बजेटमध्ये अंतर्गत सुरक्षेचा आकडा संरक्षण खर्चाच्या पुढे गेला होता. 624 अब्ज युआन विरुद्ध 601!

मला खरी इंटरेस्टिंग वाटते ती पुढची पायरी. तो जिथे जिथे गेला, तिथे आपली माणसं पेरत गेला. तेलात, सिचुआनमध्ये, पोलिसात. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक सर्व्हरवर आपलं एक अकाउंट ठेवून पुढे जायचं. 2012 च्या शेवटी शी जिनपिंग आले आणि त्यांनी थेट झोऊला हात लावला नाही. आधी सिचुआनचा ली चुनचंग. मग सप्टेंबर 2013 मध्ये सीएनपीसीचा माजी अध्यक्ष जिआंग जिएमिन. मग पोलीस खात्यातला उपमंत्री ली दोंगशेंग. कडेच्या नोड्स एकेक करून बंद, मधला शेवटी. जुलै 2014 मध्ये झोऊची चौकशी अधिकृतपणे जाहीर झाली. निवृत्त झालेल्या स्थायी समिती सदस्याला हात लावायचा नाही, हा अलिखित नियम तिथेच मोडला.

आता तो भ्रष्ट होता म्हणून गेला, की शींच्या वाटेत होता म्हणून? मला वाटतं दोन्ही. फक्त भ्रष्टाचार हे कारण असतं तर इतकी वर्षं कुणाला दिसला नाही का?

खटला तियानजिनमध्ये, बंद दाराआड. सुमारे 13 कोटी युआनची लाच, त्यातली बहुतेक बायको आणि मुलामार्फत. शिवाय गुप्त कागदपत्रं एका ‘सिद्धपुरुषा’ला दाखवल्याचा ठपका. हो, बुवाबाजी तिकडेही आहे! 11 जून 2015 ला जन्मठेप झाली. टीव्हीवर तो दिसला तेव्हा नेहमीचे काळेभोर केस पूर्ण पांढरे होते, कलप गेलेला. शिक्षा मान्य आहे, अपील करणार नाही, असं त्याने सांगितलं.