कोविड गेला, पण दम अजून परत आलेला नाही



बंदी संपली, बोटी परत दर्यात गेल्या, जेटीवर बर्फाच्या गाड्यांची रांग लागली. अशा गडबडीत आम्ही एक जुना विषय काढतोय. काहीजण म्हणतील, सेक्रेटरीला दुसरे काम नाही काय? पण शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

परवा आपला एक तांडेल संस्थेच्या कार्यालयात आला. आपले कार्यालय पहिल्या मजल्यावर, सतरा पायऱ्या. वर येऊन तो बाकावर बसला आणि पाच मिनिटे काही बोललाच नाही. आम्ही पाणी दिले. २०२१ च्या मे महिन्यात हा माणूस नऊ दिवस ऑक्सिजनवर होता. बरा होऊन घरी आला तेव्हा वाड्यावर नारळ फोडला होता. आता म्हणतो, "सेक्रेटरीबाब, रिपोर्ट निगेटिव्ह आला त्याला वर्षे झाली. पण जाळे वर घेताना दोन हात मारले की छातीवर कोण तरी बसल्यासारखे वाटते. एक दिवस जास्त काम केले तर पुढचे दोन दिवस अंगात जीव राहत नाही."

मालकाला सांगितलेस काय, असे विचारले. मान हलवून नाही म्हणाला. सांगितले तर पुढच्या मोसमात बोटीवर घेणार नाहीत, ही भीती. घरी दोन मुले शिकतात.

असे आपल्याकडे किती असतील? आम्हाला माहीत नाही, कारण कोणी मोजलेच नाही. म्हणून हा लेख.

हा आळस नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या त्रासाची व्याख्या केली. कोविड होऊन साधारण तीन महिने झाले तरी त्रास आहे, तो निदान दोन महिने टिकला आहे आणि त्याचे दुसरे कारण सापडत नाही, तर तो कोविडनंतरचा आजार धरतात. थकवा, धाप, डोके जड होणे, विसरायला होणे ही त्याची नेहमीची लक्षणे. काम जास्त झाले की त्रास त्याच वेळी न होता दुसऱ्या दिवशी उसळतो, हेही बऱ्याच जणांत दिसते. आपला तांडेल तेच सांगत होता.

आयसीएमआरने देशातल्या ३१ इस्पितळांतून घरी गेलेल्या १४,४१९ कोविड रुग्णांची वर्षभर चौकशी ठेवली. त्यातले ६.५ टक्के त्या वर्षात वारले. म्हणजे इस्पितळातून सुटलेल्या शंभरातले सहा-सात. यात वयस्कर आणि आधीपासून दुसरे आजार असलेले जास्त होते हे खरे. तरीही "घरी आला म्हणजे सुटला" असे आपण सगळे समजत होतो, ते पूर्ण खरे नव्हते.

बायकांचे तर कोणी विचारतही नाही. पहाटे जेटीवर लिलावाला उभे राहायचे, टोपली घेऊन बाजारात बसायचे, घरी येऊन रांधायचे. ती दमली म्हटले तर "वय झाले" म्हणून सोडून देतात. वहिनींनो, कोविडनंतर असा थकवा राहिला असेल तर तोही डॉक्टरला सांगायचा आहे.

लसीची अफवा आणि खरी भीती

जेटीवर कोणी तरुण अचानक गेला की चर्चा एकच, लसीमुळे गेला. कोविशील्डमुळे क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात, हे कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात मान्य केले ते खरे आहे, आणि ते लपवायचे कारण नाही. पण अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरने ४७ इस्पितळांतून अभ्यास केला. १८ ते ४५ वयाचे ७२९ मृत्यू तपासले आणि २०२३ मध्ये अहवाल आला. लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत धोका कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो अशा ठिकाणी: पूर्वी कोविडसाठी इस्पितळात दाखल झालेला माणूस, घराण्यात कोणी अचानक गेलेला, मृत्यूच्या आधी ४८ तासांत भरपूर दारू, आणि त्याच काळात अंगाला झेपणार नाही अशी मेहनत.

आता आपली बोट डोळ्यापुढे आणा. रात्रभर जाळे, बोट लागल्यावर बाटली, पहाटे परत दर्यात. कोविडमध्ये दाखल झालेला एखादा खलाशी त्यात असला, तर यातल्या तीन गोष्टी एकाच माणसात जमतात. आम्ही कोणाला घाबरवत नाही. हे बोटमालकांनी वाचावे म्हणून लिहितोय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी गुजरातमध्ये सांगितले होते, की जबर कोविड झालेल्यांनी एक-दोन वर्षे अंगमेहनत जपून करावी. बरोबर सांगितले. पण खलाशाने मेहनत सोडली तर चूल कशी पेटवायची, याचे उत्तर त्यात नव्हते. इथून पुढचा प्रश्न राजकारणाचा होतो.

ज्याची नोंद नाही, त्याला काही नाही

मे २०२१ आपण गोव्यात कोणी विसरणार नाही. गोमेकॉत रात्री दोन ते सहा या वेळात ऑक्सिजनचा दाब कमी होत होता, रोज माणसे जात होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला मध्ये पडावे लागले. मुख्यमंत्री एक सांगत होते, आरोग्यमंत्री दुसरे. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत केंद्राने उत्तर दिले, की ऑक्सिजनच्या टंचाईने मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेली नाही. कागदावर नाही, म्हणजे झालेच नाही. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदान झाले आणि ४० पैकी २० जागा घेऊन तेच सरकार परत आले. आपण मते देताना रस्ता, नोकरी, ट्रॉलरची सबसिडी विचारली. ऑक्सिजनचे विचारणारे थोडे. त्यात आम्हीही आलो.

शेजारच्या कर्नाटकात सरकार बदलल्यावर कोविड काळातल्या खरेदीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मायकेल डिकुन्हा आयोग नेमला गेला. ब्रिटनमध्ये तर माणसे गेलेल्या घरांना साक्षीला बोलावून जाहीर चौकशी झाली. कोण दोषी हे कोर्ट आणि आयोग बघतील. आमचे म्हणणे साधे: विचारले तरच उत्तर येते.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमची स्वतःची चूक सांगतो. आपल्या एका सभासदाला कोविड झाला आणि बाराव्या दिवशी तो घरीच वारला. चाचणीचा कागद औषधाच्या पिशवीत होता. पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला, तर तो घरी झाला तरी कोविडचाच धरायचा आणि कुटुंबाला ५० हजार द्यायचे, असा नियम झाला होता. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी सुप्रीम कोर्टाने ६० दिवसांची मुदत दिली होती. आम्हाला हे मुदत गेल्यावर कळले. उशीर झालेल्यांसाठी तक्रार निवारण समितीची वाट कोर्टाने ठेवली होती, तीही आम्ही धरली नाही. त्या वहिनी आजही आम्हाला हसून "बरे मरे?" विचारतात. आम्हाला मान वर करता येत नाही.

विम्यात हे बसत नाही

मत्स्यसंपदा योजनेखालचा सामूहिक विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५ लाख. पण तो अपघाताचा विमा आहे. दम लागून काम सुटले तर त्यात काही मिळत नाही. गोव्यात पाच वर्षे राहणाऱ्यांना दीन दयाळ स्वास्थ्य कार्ड आहे, ते इस्पितळाच्या खर्चाला चालते, बुडालेल्या मजुरीला नाही. आणि बोटीवरचे अर्धे हात ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले. त्यांच्याकडे ते कार्डही नसते. २०२४ मध्ये कुटबण जेटीवर कॉलरा आला तेव्हा खलाशीच दगावले. चार वर्षांपूर्वी एवढी मोठी साथ बघूनही जेटीवर प्यायचे पाणी आणि संडास यांची सोय धड झाली नव्हती. आपण लगेच विसरतो, हाच आपला रोग.

आता काय करायचे

१. संस्थेत एक वही ठेवली आहे. कोविडनंतर धाप, थकवा, छातीत दुखणे राहिलेल्या सभासदांनी आणि खलाशांनी, स्त्री असो वा पुरुष, नाव द्यावे. नाव बाहेर जाणार नाही, मालकालाही कळणार नाही.

२. कार्यालयात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. आधी बसून बघा, मग सहा मिनिटे चालून बघा. आकडा ९४ च्या खाली असेल किंवा चालल्यावर तीन-चारने उतरत असेल, तर आरोग्य केंद्रात जा. छातीत दुखत असेल तर आकड्याची वाट बघू नका, थेट डॉक्टर गाठा. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर टीबीची तपासणीही करून घ्या. कोविडमध्ये स्टिरॉइड मिळालेल्यांनी साखर तपासावी.

३. बोटमालकांनो, ज्याला दम लागतो त्याला काढू नका, काम बदला. लिलाव, बर्फाचा हिशेब, जाळे विणणे, वायरलेस ही कामेही कोणीतरी करतेच. दर्यात मध्यरात्री माणूस कोसळला तर बोट वळवून जेटी गाठायला किती तास लागतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

४. वहीत नावे जमली की वार्षिक सभेत ठराव घेऊ: आजारपणाने काम सुटलेल्या मच्छीमारालाही मदत मिळावी, आणि जेटीवर महिन्यातून एकदा डॉक्टर बसावा. तो ठराव मत्स्य खात्याला आणि आमदारांना देऊ. नावांशिवाय गेलो तर चहा पाजून परत पाठवतील.

तो तांडेल आता वहीत पहिला आहे. त्याच्या मालकाशी आम्ही बोललो नाही, तोच बोलला. मालक थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आधी का नाही सांगितलेस?" सध्या तो जेटीवर लिलाव बघतो. मजुरी पूर्वीपेक्षा कमी आहे, ते लपवत नाही.

रविवार सोडून सकाळी दहा ते एक आम्ही कार्यालयात असतो. ज्याला सतरा पायऱ्या चढवत नाहीत, त्याने खालून हाक मारावी. आम्ही वही घेऊन खाली येऊ.

आपला,
सेक्रेटरी