समुद्रशेती आणि समुद्राचे देणे

शेतकरी पेरतो आणि कोळी केवळ काढून घेतो, असा भेद आम्ही वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. तो आता पुसट होत चालला आहे. १९७० साली नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रॉन्टवेट बंधूंनी एक अष्टकोनी तरंगता पिंजरा बांधून त्यात सॅमन माशाची पिले वाढविली. सॅमन जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यात आणि पोसला जातो समुद्रात. म्हणून पिले प्रथम गोड्या पाण्यात वाढवून मग खाऱ्या पाण्यात सोडावी लागतात. प्रयोग साधला. आज नॉर्वेत दरसाल सुमारे १५ लाख टन सॅमन पिकतो.

परंतु शेतीबरोबर शेतीची दुखणीही आली. दाटीच्या गोठ्यात रोग पसरावा, तसा तो पिंजऱ्यांत पसरला. १९८७ साली प्रतिजैविकांचा वापर सुमारे ५० टनांवर गेला. पुढे लसी निघाल्या, पिलांना टोचल्या जाऊ लागल्या, आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढूनही तो वापर आता एका टनाच्या आत आला आहे.

समुद्री उवांवर मात्र असा रामबाण उपाय सापडलेला नाही. गोठ्याला भिंत असते, पिंजऱ्याला नुसते जाळे. त्यातून बाहेर पडलेल्या उवा नदीतून समुद्राकडे निघालेल्या रानटी पिलांना चिकटतात. २०१७ मध्ये किनाऱ्याचे १३ विभाग पाडून, जेथे हा उपद्रव फार तेथे उत्पादन घटविण्याचा नियम झाला. तरीही २०२१ साली रानटी सॅमन नॉर्वेच्या संकटसूचीत प्रथमच नोंदला गेला.

तिसरा प्रश्न चाऱ्याचा. सॅमन मांसाहारी. १९९० साली त्याच्या खाद्यात सुमारे ९० टक्के भाग माशांची भुकटी व तेल यांचा होता. २०२० पर्यंत तो सुमारे २२ टक्क्यांवर आला. उरलेली बरीच जागा सोयाबीनसारख्या पिकांनी घेतली, आणि ते सोयाबीन मुख्यत्वे ब्राझीलचे. समुद्रावरचा भार उतरला, तो जमिनीवर गेला.

ही गोष्ट केवळ परदेशाची नव्हे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या प्रयत्नांतून आपल्या कारवारकडेही पिंजऱ्यांत जिताडा, म्हणजे गोव्यातील चोणक, वाढविला गेला आहे. तोही मांसाहारीच. किनाऱ्यावरील कुटुंबांना हा जोडधंदा लाभो, अशीच आमची इच्छा आहे. मात्र पिंजरा पाण्यात सोडण्यापूर्वी, मासा काय खाणार आणि जाळ्याबाहेरच्या माशांचे काय होणार, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. नॉर्वेला ते पिंजरे भरल्यानंतर सुचले.