टॉलस्टॉय यांचा कलाविचार आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’

प्रस्तावना :
लिओ टॉलस्टॉय (१८२८–१९१०) हे मराठी वाचकांना प्रामुख्याने ‘युद्ध आणि शांती’ व ‘ॲना कॅरेनिना’ या कादंबऱ्यांमुळे परिचित आहेत. त्यांच्या कलाविषयक ग्रंथाचा ‘कला म्हणजे काय?’ हा मराठी अनुवाद साने गुरुजींनी केला. याच गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिली. टॉलस्टॉय यांच्या कसोटीवर ही कृती कशी उतरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवन व विचार :
उमराव घराण्यात जन्मलेल्या टॉलस्टॉय यांनी क्रिमियन युद्धात सेवास्तोपोल येथे युद्धाची भीषणता अनुभवली. १८५९ मध्ये त्यांनी यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. उत्तरायुष्यात त्यांनी संपत्ती, हिंसा व धर्मसंस्था यांवर कठोर टीका केली. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील आश्रमास १९१० मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

कलेची कसोटी :
टॉलस्टॉय यांच्या मते, कलावंताने अनुभवलेली भावना इतरांमध्ये संक्रमित होणे म्हणजे कला होय. ती स्पष्ट व प्रामाणिक असावी, सामान्य माणसाला कळावी आणि माणसांना जोडणारी असावी. ही कसोटी त्यांनी स्वतःलाही लावली व आपल्या केवळ दोन छोट्या कथाच उत्तम कलेत गणल्या.

‘श्यामची आई’ :
बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या या आठवणींची भाषा घरगुती आहे. तिच्यावर भावविवशतेचा आक्षेप घेतला जातो. तथापि टॉलस्टॉय यांच्या दृष्टीने भावनेची उत्कटता हा दोष नसून ती माणसांना जोडते की नाही, हा खरा प्रश्न आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वृद्धेची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते. मात्र घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. येथे करुणा रूढीच्या पुढे जाते, पण रूढी मोडत नाही. ही मर्यादा गुरुजींनी पुढे कृतीने ओलांडली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ मध्ये उपोषण केले.

निष्कर्ष :
दोन्ही लेखकांनी कलेला नीतीपासून अलग मानले नाही. टॉलस्टॉय यांचा प्रभाव केवळ अनुवादांच्या संख्येवरून मोजणे म्हणूनच अपुरे ठरते. त्यांनी उपस्थित केलेला ‘कला कोणासाठी?’ हा प्रश्न गुरुजींनी मराठीत आणला, आणि ‘श्यामची आई’ घराघरांत पोहोचल्याने त्याचे एक समर्थ उत्तरही मराठीस लाभले.